पट्टी बांधण्याआधी पायाची नाडी बघा

*डॉक्टर, नमस्कार. माझे बाबा ६२ वर्षांचे आहेत. इतवारीत कापडाच्या दुकानात उभ्यानं काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अकरा वर्षांपासून शुगर आहे, बीपीसाठी अमलोडिपिन चालू आहे. डाव्या पायाच्या पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा बऱ्याच वर्षांपासून आहेत. घोट्याच्या वरची कातडी काळपट-तपकिरी झाली, खूप खाजते. पाच महिन्यांपूर्वी तिथेच, आतल्या बाजूला, खाजवून जखम झाली. ती भरत नाही, सतत पाझरते. संध्याकाळी तो पाय टम्म सुजतो, उजवाही थोडा सुजतो. मेडिकल स्टोअरवाल्यानं दोनदा अँटिबायोटिक दिलं. एका कंपाउंडरनं क्रेप बँडेज घट्ट बांधलं, पण रात्री ठणका लागला म्हणून बाबांनी ते सोडून फेकलं. शेजारच्या काकू म्हणतात हत्तीपाय आहे. भाऊजींनी पायाला दाब देणाऱ्या मोज्यांची लिंक पाठवली आहे, मागवू का? मला भीती वाटते ती पाय कापायची. बाबांना विचारलं की म्हणतात, "काही नाही होत बाप्पा, उभं राहून पाय सुजतेच." परवा तर चप्पल पायातून निसटली आणि त्यांना कळलंच नाही, तसेच चालत राहिले. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटत नाही, तो वेगळाच त्रास. जाता जाता : आईची टाच सकाळी उठल्या उठल्या फार दुखते, त्यावरही सांगा.*
*— एक वाचक, नंदनवन, नागपूर*

नमस्कार ताई,

बाबांचा पाय मी पाहिलेला नाही, तेव्हा पुढचं सगळं तुमच्या पत्रातल्या खुणांवरून लिहितो आहे. खुणा मात्र तुम्ही नेमक्या टिपल्या आहेत. फुगलेल्या शिरा, घोट्यावरची तपकिरी खाजरी कातडी, आतल्या बाजूची उथळ पाझरती जखम, संध्याकाळी वाढणारी सूज. एवढं सगळं एका पायावर एकत्र असेल तर ती जखम बहुधा शिरांची असते. व्हेरिकोज व्हेन्स वर्षानुवर्षं तशाच राहू दिल्या की त्या शेवटी इथवर येतात. शुगर या प्रकरणात सहआरोपी आहे, मुख्य आरोपी नव्हे. शुगरची ठरलेली जखम तळपायाला होते, अंगठ्याच्या किंवा बोटांच्या बुडाशी, जिथे घट्टा पडतो तिथे, आणि ती बहुतेक वेळा दुखतही नाही.

घोट्यावरच जखम का होते ते आधी सांगतो, म्हणजे पाच महिने मलमं का हरली ते कळेल. पायातलं अशुद्ध रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा स्नायू आवळतात, शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. हापशीचा वायसर झिजला की दांडा कितीही मारा, पाणी पाईपातून खाली उतरतं; झडपा निकामी झालेल्या पायात तेच होतं. त्यात माणूस दिवसभर एका जागी उभा, म्हणजे दांडाही कोणी मारत नाही. सगळा दाब घोट्याच्या आसपास साचतो. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, ती सूज. तांबड्या पेशी झिरपतात, त्यातलं लोह कातडीत साठतं, तो तपकिरी रंग. कातडी कडक आणि खाजरी होते आणि एके दिवशी नखाचं निमित्त पुरतं.

दाब तसाच ठेवून वरून मलम लावलं तर जखम भरायची कशी? अँटिबायोटिकही इथे फारसं काही करत नाही. पाझरणं म्हणजे पू नव्हे. जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप असेल, घाण वास आणि पू असेल, तरच त्या गोळ्यांना अर्थ आहे, आणि त्या डॉक्टरांनी पाय बघून लिहिलेल्या असाव्यात. हळद, पावडरी, हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस, यातलं काही घालत असाल तर आजपासून बंद करा. सलाईनच्या पाण्यानं किंवा नळाच्या स्वच्छ पाण्यानं धुवायचं, चिकटणार नाही अशी जाळीची पट्टी ठेवायची, बस. भोवतीच्या कोरड्या कातडीला साधं व्हॅसलीन.

शिरांच्या जखमेवर खरा उपचार म्हणजे बाहेरून दिलेला योग्य दाब. मग कंपाउंडरनं बांधलं ते बरोबरच होतं की, असं तुम्ही म्हणाल. इथेच थांबा. माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ "रात्री ठणका लागला" ही आहे.

त्या ठणक्याचे दोन अर्थ निघतात. एक साधा : बांधणं चुकलं. साधं क्रेप बँडेज पोटरीवर घट्ट आणि घोट्याला सैल बसलं की पाय आणखी सुजतो आणि दुखतो. शिवाय ते काही तासांत ढिलं पडतं, टिकाऊ दाब देतच नाही. दुसरा अर्थ गंभीर : पायाला रक्त पोचवणाऱ्या धमन्याच अरुंद झाल्या असतील. बासष्टी, अकरा वर्षांची शुगर, बीपी आणि रोजचा तंबाखू, हे चार एकत्र असलेल्या माणसाच्या धमन्या चांगल्या आहेत असं न तपासता कोणी गृहीत धरू नये. आधीच कमी रक्त येणाऱ्या पायावर घट्ट पट्टी बांधली तर उरलेलं रक्तही अडतं, बोटं काळी पडू शकतात. एकाचा पाय जिनं बरा होतो, तीच पट्टी दुसऱ्याचा पाय घालवू शकते. म्हणून धमन्यांची तपासणी होईपर्यंत दाबाची घट्ट पट्टी नको आणि मोजेही मागवू नका. भाऊजींना माझा निरोप द्या.

आज रात्री बाबांना काही प्रश्न विचारा. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि दोन मिनिटं थांबलं की जातो, असं होतं का? रात्री झोपेत पाऊल ठणकून जाग येते आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं का? असं असेल तर धमनीवर संशय घ्या. शिरांच्या दुखण्यात उलटं असतं, पाय वर ठेवला की आराम पडतो. दोन्ही पावलं हातात धरून बघा, डावं जास्त गार लागतं का, बोटांवरचे केस गेलेत का, बोटांच्या टोकांवर किंवा टाचेवर काळपट डाग आहे का.

पक्कं उत्तर मात्र डॉक्टरकडेच मिळेल. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, मागे, अशा दोन नाड्या हाताला लागतात. त्या तपासल्याशिवाय कोणालाही पट्टी बांधू देऊ नका. सूज असली की त्या लागत नाहीत, मग लहानसं डॉप्लर यंत्र लावून घोट्याचा रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबानं भागतात. दंडावर वरचा आकडा १४० आणि घोट्यावर १४०, म्हणजे १, उत्तम. ०.९ च्या खाली आलं तर धमनी अरुंद आहे. ०.५ च्या खाली असेल तर पट्टीचा विषयच काढू नये, आधी रक्तपुरवठा सुधारायचा. मधल्या आकड्यांत किती दाब चालेल ते डॉक्टर ठरवतील. यात शुगरवाल्यांसाठी एक खोच आहे. त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साठून त्या कडक होतात, दाबल्याच जात नाहीत, मग आकडा १.४ च्याही वर जातो आणि सगळं छान आहे असा भास होतो. तसं झालं तर अंगठ्याचा रक्तदाब वेगळा मोजायला सांगा.

कुठे जायचं? मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो रुग्णालय किंवा मिहानच्या एम्समध्ये शल्यचिकित्सेच्या ओपीडीत दाखवा. खाजगीत जायचं तर धंतोली-रामदासपेठेत रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ शोधा. पायाचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) काढताना शिरा आणि धमन्या, दोन्हींचा असं स्पष्ट सांगा. नुसता शिरांचा निघाला तर अर्धंच उत्तर हाती येतं. शिरांचा डॉप्लर उभं करून काढतात, तेव्हाच झडपांचा खरा रंग दिसतो. प्रक्रियेचा खर्च निघाला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या, रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

समजा धमन्या ठीक निघाल्या. मग तीन-चार थरांची पट्टी, बोटांच्या बुडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, घोट्याला सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब आणि वर जाताना कमी कमी. ही बांधायला शिकलेला हात लागतो. बहुधा आठवड्यातून एक-दोनदा बदलावी लागते. मेच्या पंचेचाळीस अंशांत बाबा ती काढून फेकतील हे मलाही दिसतंय. उन्हाळ्यात शिरा आणखी फुगतात, सूजही वाढते, म्हणजे नेमकी जेव्हा सहन होत नाही तेव्हाच पट्टीची गरज जास्त. वेल्क्रोचे पट्टे असलेले दाब-पट्टे मिळतात, ते सैल-घट्ट करता येतात. पट्टी अगदीच जमली नाही तर त्याबद्दल विचारा. जखम भरली की मोजे घ्यायचे, तेही सकाळी सूज नसताना पायाचं माप घेऊन. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी चढवायचे, रात्री काढायचे, आणि हे कायमचं, कारण अशी जखम परत होण्याची खोड असते.

बिघडलेली मुख्य शीर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं बंद करता येते. पूर्वी जखम भरेपर्यंत थांबा म्हणत असत. २०१८ साली ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्यांनाच पट्टी होती. पण ज्यांची शीर लगेच बंद केली त्यांच्या जखमा भरायला मधला आकडा ५६ दिवसांचा निघाला, थांबलेल्यांचा ८२. तेव्हा ऑपरेशन पुढच्या वर्षी बघू म्हणू नका, डॉप्लर हातात आल्यावर लगेच हा प्रश्न टाका. एवढं सगळं करूनही जखम हलत नसेल, किंवा तिच्या कडा उचलून गुठळीसारख्या झाल्या, तर कडेचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. जुन्या जखमेत क्वचित कॅन्सर धरतो.

बाबांना दुकान सोडा असं मी सांगणार नाही, ते सोडणारही नाहीत. स्टूलवर पाय लोंबकळत बसूनही फायदा नाही, पोटरीला तिथेही काम नसतंच. गिऱ्हाईक नसताना टाचा उचलून चवड्यांवर दहा-पंधरा वेळा वर-खाली, आणि अर्ध्या-पाऊण तासानं दुकानाच्या दारापर्यंत एक फेरी. दुपारी जेवल्यावर कापडाच्या गाठींच्या ढिगावर का होईना, पाय छातीपेक्षा उंच ठेवून आडवं व्हायचं. हे पाय उंच ठेवणंही धमन्या चांगल्या असतील तरच. म्हणून तपासणी आधी, असं मी सारखं म्हणतोय.

उजव्या पायाच्या थोड्या सुजेचा दोष कदाचित अमलोडिपिनकडे जाईल. या गोळीनं घोटे सुजणं अगदी नेहमीचं आहे. मनानं बंद करू नका, बीपी उसळेल. डॉक्टर डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. पण दोन्ही पाय सुजतात तेव्हा मूत्रपिंड, हृदय, यकृत आणि थायरॉईड यांच्याकडेही एकदा बघावं लागतं. लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) या तपासण्या तशाही शुगरसाठी व्हायलाच हव्यात.

काकूंच्या हत्तीपायाबद्दल. त्यांनी उगाच नाही म्हटलं, पूर्व विदर्भात हत्तीरोग खरोखर आहे. तुंबलेल्या गटारांत आणि सेप्टिक टँकमध्ये वाढणाऱ्या क्युलेक्स डासांनी तो पसरतो. जंतू रात्री रक्तात येतात म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवून बोटाचं रक्त घेतात. पण तो पाय वेगळा दिसतो. आधी थंडी-ताप आणि जांघेत अवधाण, असे झटके येतात. सूज पावलाच्या पाठीवर आणि बोटांवरही चढते, कातडी जाड होते, आणि पुढे पुढे ती रात्री झोपूनही उतरत नाही. बाबांची सूज संध्याकाळची आहे, सकाळी बहुधा पुष्कळ कमी असेल. तरी सरकारी मोहिमेतल्या गोळ्या घरी आल्या की गिळा. २०१९ साली तीन औषधांची एकत्र मात्रा देशात अगदी सुरुवातीला सुरू झाली त्या जिल्ह्यांत नागपूर होतं. पुष्कळ लोक त्या गोळ्या घेतात आणि फेकतात, मला त्याचा राग येतो. गोळ्यांनी आलेली सूज जात नाही हे खरं, पण पुढचा पाय वाचतो. आणि ज्याला हत्तीपाय झालेलाच आहे त्याला रोज साबणानं पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं आणि पाय उंच ठेवणं यानं तापाचे झटके फार कमी होतात.

हेच पत्र विशी-पंचविशीतल्या मुलाबद्दल असतं तर, आपल्या भागात, मी घोट्याच्या अशा जखमेला आधी सिकलसेलची (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी सांगितली असती.

आता निसटलेली चप्पल. माझ्या दृष्टीनं ती जखमेइतकीच मोठी गोष्ट आहे. शुगरनं पायाच्या संवेदना गेल्याची ती खूण आहे. घरीच एक तपासणी करा. बाबांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तुमच्या बोटानं अगदी अलगद, सेकंदभर स्पर्श करा. दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी त्यांना कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरा. अशा माणसाला खिळा टोचला तरी कळत नाही. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली आणि घरी आल्यावर तळव्याला फोड दिसले, असे पाय नागपुरात दर उन्हाळ्यात दवाखान्यात येतात. डिसेंबर-जानेवारीत शेकोटी आणि गरम पाण्याची पिशवी तेच करते. देवळात साधे मोजे घालून जा म्हणावं, देव समजून घेईल. घरातही चप्पल, मागे पट्टा असलेली, एमसीआरची. मऊ तळव्याचा हा प्रकार दक्षिणेत कुष्ठरुग्णांचे बधिर पाय वाचवायला वापरात आला आणि आता शुगरवाल्यांच्या कामी येतो. तळपाय रोज कोणीतरी बघायचाच. बाबांना वाकून दिसत नसेल तर आरसा ठेवा, नाहीतर तुम्हीच बघा. घट्टा ब्लेडनं कापू देऊ नका. आणि कधी पाऊल लाल, गरम, सुजलेलं पण न दुखणारं झालं तर चालणं थांबवून त्याच दिवशी दाखवा. बधिर पायातली हाडं अशी आतल्या आत ढासळतात आणि लोक त्याला जंतुसंसर्ग समजून गोळ्या खात बसतात.

त्याच दिवशी धावायचं ते आणखी कधी? पोटरी अचानक, एकाच बाजूला, सुजून दुखायला लागली तर. शिरेत गुठळी झाली असू शकते. ती तेलानं चोळू नका, मालिश तर अजिबात नको. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा. पाय एकाएकी पांढरा, गार आणि खूप दुखरा झाला तर तासांचा हिशोब असतो. बोट काळं पडणं, ताप येऊन लाली वर चढणं, फुटलेल्या शिरेतून चिळकांडी उडणं, हेही थांबायचं नाही. चिळकांडीला मात्र घाबरू नका, आडवं करून पाय उंच धरा आणि स्वच्छ कापडानं त्या जागेवर बोट दाबून ठेवा, मग निघा.

पाय कापायची तुमची भीती. शिरांच्या जखमेनं पाय कापावा लागणं फार विरळा. तो कापावा लागतो तो अरुंद धमनी, बधिर तळवा आणि जंतुसंसर्ग एकत्र आले म्हणजे. बाबांच्या बाबतीत बधिरपणा बहुधा आलेला आहे, धमनीचं अजून माहीत नाही. त्यात आपल्या हातातला सगळ्यांत मोठा भाग खर्रा. लोकांना वाटतं की धूर नाही म्हणजे पायाला काही नाही. निकोटीन तोंडातून गेलं तरी रक्तवाहिन्या आवळतेच. खर्रा घोटून देणारा ठेला दुकानाबाहेरच असणार, तेव्हा नुसतं रागावून उपयोग नाही. शासकीय रुग्णालयांत तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं, ते ओपीडीच्याच फेरीत उरकून घ्या.

आईच्या टाचेचं सोपं आहे. सकाळची पहिली पावलं दुखतात आणि चाललं की कमी होतं, म्हणजे तळव्याचा जाड पडदा टाचेपाशी दुखावला आहे. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरायचं कारण नाही, न दुखणाऱ्या टाचांतही ते असतं. उठण्याआधी टॉवेल पावलाला अडकवून पंजा स्वतःकडे ओढायचा, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, बाटली गोठवून तळव्याखाली फिरवायची, आणि स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर मऊ चप्पल. काही महिने लागतात पण बहुतेकांचं जातं. शुगर आईलाही असेल तर बर्फाची बाटली वगळा. इंजेक्शनची घाई नको.

बाबांना घेऊन जाल तेव्हा आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पिशवीत टाका. जखमेचा आजच एक फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, आणि दर आठवड्याला तसाच काढा. आणि त्या दिवशी बाबांना नवी चप्पल घालू देऊ नका, रोजचीच असू द्या. तिचा तळ कुठे झिजलाय ते डॉक्टरांना बघायचं असतं.